जोडीचं मडकं

"मास्तर, ह्ये मडकं तुमी सरळ केलंत."

मी मान वर केली. हौसाबाई माझ्या टेबलापाशी उभ्या होत्या. धुतलेल्या खापरांची पाटी कमरेवर, पदर डोक्यावर, आणि नजर माझ्या कागदावर.

"सरळ केलं म्हणजे?"

"त्ये बगा की." त्यांनी हनुवटीनंच माझ्यासमोर ठेवलेल्या मडक्याकडे दाखवलं. "खरं मडकं एका अंगाला कललंय. तुमच्या कागदावर त्ये पोलिसावानी ताठ उभं ऱ्हायलंय. आन् अर्धंच काढलंत. बाकीचं अर्धं फोडलं का काय?"

मला हसू आलं. मी त्यांना आमची रीत समजावून सांगितली. कागदाच्या मधोमध एक रेघ मारायची. डाव्या बाजूला मडकं सुरीनं कापल्यासारखं दाखवायचं, म्हणजे काठ किती जाड, बूड किती जाड ते कळतं. उजव्या बाजूला बाहेरचं रूप. एका अंगाचं माप नीट घेतलं की दुसऱ्या अंगाला तेच उलटं उतरवायचं. जगातल्या सगळ्या उत्खननांच्या ग्रंथांत मडकी अशीच काढतात.

"म्हंजे समद्या मडक्यांची दोन्ही अंगं सारखीच असत्यात, आसं धरून चालायचं," हौसाबाई म्हणाल्या.

"हो."

"आजवर म्या एक बी तसं केलं न्हाई," त्या म्हणाल्या, आणि पाटी सावरत खापरांच्या ढिगाकडे गेल्या.

ही गोष्ट अठ्ठ्याहत्तर सालच्या जानेवारीतली. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो. प्रवरेच्या काठी हिंगणवाडी नावाचं गाव आहे. गावाबाहेर पांढरीचं मोठं टेकाड. गावातले लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथली राखट माती शेतात टाकायला नेत, आणि मातीबरोबर खापरं निघत. तीन हजार वर्षांपूर्वी तिथं वस्ती होती असं आमच्या संस्थेतल्या डॉक्टर करंबेळकर सरांनी ठरवलं, आणि तिथं खोदकाम सुरू झालं. मी त्या मोहिमेवरचा चित्रकार. जे सापडेल ते मोजून, कागदावर उतरवायचं, एवढंच माझं काम. पुढं त्याचा जो ग्रंथ होणार होता, त्यातल्या सगळ्या आकृत्या माझ्या हातच्या असणार होत्या.

हौसाबाई गावच्या कुंभारवाड्यातल्या. वय पन्नासच्या आसपास. नवरा किसन कुंभार दम्यानं घरी बसून असे. मुलगा विटा पाडायला श्रीरामपूरकडे गेलेला. बाकीच्या बायका माती वाहायच्या, पण हौसाबाईंना सरांनी पहिल्याच आठवड्यात खापरं धुण्याच्या कामावर घेतलं होतं. कारण तुकड्याला तुकडा जुळवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पुण्याहून आलेली शिकलेली मुलं तासन्‌तास डोकं खाजवत, आणि या येता-जाता एक खापर उचलून दुसऱ्याला लावत. टक् करून बसायचं.

त्या दिवसानंतर जेवणाच्या सुट्टीत त्या माझ्या तंबूच्या सावलीत येऊन बसू लागल्या. तंबूत एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात सरांनी संस्थेच्या ग्रंथालयातून आणलेले जाडजूड ग्रंथ होते. देशोदेशींची मडकी, कुणी कशी केली, कशी भाजली, कुठं सापडली. हौसाबाईंना वाचता येत नव्हतं. मी पानं उलटायचो, त्या चित्रं बघायच्या आणि मी इंग्रजीतलं मराठीत सांगायचो.

आफ्रिकेतल्या एका गावाचं छायाचित्र होतं. तिथं चाक नव्हतंच. मोठा रांजण जमिनीवर ठेवून एक बाई पाठमोरी चालत त्याच्याभोवती फिरत होती आणि काठ वळवत होती.

"म्हंजे चाक फिरत न्हाई, बाईच फिरती," हौसाबाई म्हणाल्या. मग बराच वेळ त्या चित्राकडे बघून हळूच बोलल्या, "आमच्यात बाईनं चाकाला हात लावायचा न्हाई, हातानं थापायचं तेवढं. हिला कुनी अडीवलं नसंल."

दक्षिण अमेरिकेतल्या माणसांच्या चेहऱ्यांच्या सुरया त्यांना आवडल्या नाहीत. "पानी पिताना कुनीतरी बघतंय आसं वाटंल." ग्रीक लोकांच्या काळ्या-तांबड्या कलशांवरून मात्र त्यांनी कागदावरूनच बोट फिरवलं. एका जपानी वाडग्याकडे बघून म्हणाल्या, "ह्यो मानूस डावखुरा व्हता." मी खालचा मजकूर वाचला. तसं काहीच लिहिलेलं नव्हतं. "बोटाची वळवण उलटी हाय," एवढंच त्या म्हणाल्या.

एकदा त्यांनी विचारलं, "खाली काय लिवलंय? केलं त्याचं नाव का?"

"नाही. करणाऱ्याचं नाव माहीत नाही."

"मंग त्ये नाव कुनाचं?"

"ज्यांना ते सापडलं त्यांचं."

 त्यांनी भाकरीचा उरलेला तुकडा फडक्यात बांधला आणि कामावर गेल्या.

त्या दिवसांत मला घरून पत्रं येत. माझी बायको नलिनी कराडला माझ्या आई-काकांजवळ होती. आमच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. तिची पत्रं छोटी असत. आईची तब्येत, शेजारच्यांचं लग्न, थंडी. आणि शेवटी दरवेळी तीच एक ओळ. मी उत्तरं लगेच लिहायचो. इथली हवा, जेवण, सरांचे विनोद. त्या शेवटच्या ओळीचं उत्तर तेवढं लिहीत नव्हतो.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तिसऱ्या खड्ड्यात एका घराची जमीन लागली. शेणामातीनं सारवलेली, तीन हजार वर्षांनंतरही पायाखाली घट्ट लागणारी. तिच्या एका कोपऱ्यात माती जराशी मऊ होती. तिथं खुरपं लावल्यावर वीतभर खाली दोन मडकी लागली. उभी नव्हती. आडवी, तोंडाला तोंड लावून निजवलेली.

सर स्वतः खड्ड्यात उतरले. दोन तास ब्रशनं माती झाडत राहिले. एका मडक्याची कड फुटलेली होती, त्या फटीतून त्यांनी आत बघितलं आणि हात वर केला. 

"बिवलकर, या खाली. जागेवरची आकृती आत्ताच घ्या. ऊन कललं की सावल्या बदलतात."

मी खाली उतरलो. पट्टी लावली, दोरी ताणली, फळी मांडीवर घेतली. मग आत बघितलं. मातीत पाखराची असावीत तशी हाडं होती. कवटी माझ्या मुठीत मावली असती.

वर उभ्या असलेल्या गड्यांपैकी एकानं फावडं खाली ठेवलं आणि तो वाटेला लागला. बायकांमधून कुणीतरी म्हणालं, "अगं बाई, बाळ हाय."

सर मागच्या मुलांना सांगत होते. आवाजात आनंद होता, पण तो त्यांनी आवरून धरला होता. लहान मूल गेलं की घराच्या जमिनीखालीच पुरायचं, आणि त्यासाठी घरातली जुनी, वापरातली दोन मडकी घ्यायची. इजिप्तमध्ये असं सापडतं, भूमध्य समुद्राच्या काठी सापडतं, पार पूर्वेकडच्या बेटांवरही सापडतं. सगळीकडच्या ग्रंथांत नोंदी आहेत. आता आपलीही होईल. दफनकुंभ क्रमांक एक.

मी पेन्सिल टेकवली. रेघ उमटेना. पुन्हा टेकवली. पट्टीवरचे आकडे मला वाचता येईनात.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"ऊन लागलं बहुतेक."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, फळी माझ्या हातातून घेतली आणि एका विद्यार्थ्याला दिली.

हाडं पेटीत गेली. मडकी धुण्याच्या जागेवर आली. तिथल्या बायका उठून उभ्या राहिल्या. एकही त्यांना हात लावायला तयार होईना. मुकादमानं दटावून बघितलं. शेवटी हौसाबाई पुढं झाल्या. त्यांनी घमेल्यातलं जुनं पाणी ओतून दिलं, नवं घेतलं, आणि दोन्ही मडकी एकेक करून हातानंच धुतली. ब्रश लावला नाही.

संध्याकाळी काम सुटल्यावर त्या माझ्याकडे आल्या.

"मास्तर, सायेब म्हनत्यात ही घरातली वापरायची मडकी हायेत."

"हो."

"एक हाय. दुसरं न्हाई."

त्यांनी दोन्ही मडकी माझ्या टेबलावर ठेवली. पहिल्याचं बूड उलटं करून दाखवलं. काळं होतं. चुलीवरची काजळी तीन हजार वर्षांत गेली नव्हती. आतल्या बाजूला डावल्यानं ढवळल्याचे चरे होते. "ह्यात कालवण शिजलंय. लई वर्षं." मग दुसरं उलटं केलं. बुडाला काजळीचा ठिपका नाही. आत एक चरा नाही. कडेच्या फुटलेल्या जागी त्यांनी बोट ठेवलं. खापर दोन्ही बाजूंनी तांबूस होतं आणि मधे काळी पट्टी होती. "कच्चंच भाजलंय. नीट वाळू दिलं न्हाई, आच बी पुरी दिली न्हाई. इथं बगा, वलं आसतानाच कुनीतरी उचललंय, म्हून अंग बसलंय."

"मग घाईत केलेलं असेल. बिघडलेलं मडकं म्हणून वापरलं असेल."

"तसं न्हाई." त्यांनी दुसऱ्या मडक्याचा काठ माझ्याकडे वळवला. काठावर सगळीकडून एक खोलगट चर होती. मी ती नक्षी समजून मोजणार होतो. हौसाबाईंनी पहिलं मडकं आडवं धरलं, दुसऱ्याचं तोंड त्याच्या तोंडाला लावलं आणि हळूहळू फिरवायला लागल्या. एक वेढा, मग थोडं मागं. पहिल्याच्या काठाला एके ठिकाणी टवका गेलेला होता. दुसऱ्याच्या चरीत त्याच जागी छोटासा उंचवटा होता. दोन्ही समोरासमोर आले आणि मडकी एकमेकांत बसली. त्यांनी हात सैल सोडला तरी हलली नाहीत.

"घरात जोडीचं मडकं नव्हतं," हौसाबाई म्हणाल्या. "मंग तिनं केलं. वलं आसतानाच ह्येच्या तोंडावर दाबून माप घेतलं. लेकरू गेल्यावर केलंय, मास्तर. त्याच्यासाठीच केलंय."

मी मडकी तशीच घेऊन सरांच्या तंबूत गेलो. सर कंदिलाची काच पुसत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"कोण म्हणतं हे?"

"हौसाबाई."

"हं." त्यांनी कंदील खाली ठेवला. "बिवलकर, हौसाबाईंच्या हाताबद्दल मला आदर आहे. पण 'आईनं बाळासाठी मडकं केलं' हे वाक्य मी ग्रंथात लिहिलं, तर उद्या कुणीही विचारेल, तुम्हाला कसं माहीत? काठ जुळतात, कबूल. जुळवून केलेलं झाकण असेल. घरात धान्य साठवायला केलेली जोडी असेल. ती बाई इतक्या खात्रीनं म्हणते, ते कशावरून?"

"विचारतो."

"विचारा. आणि तोवर दोन्हींची नेहमीसारखी आकृती करून ठेवा."

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी दुपारी कुंभारवाड्यात गेलो. हौसाबाईंच्या अंगणात चाक भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. किसनराव बाजेवर उशाशी टेकून बसले होते. त्यांना बोललं की धाप लागायची, म्हणून त्यांनी नुसतेच हात जोडले. हौसाबाईंनी मला गूळ आणि पाणी दिलं आणि समोर उंबऱ्यावर बसल्या.

मी सरांचा प्रश्न सांगितला. "तुम्ही इतक्या खात्रीनं कसं म्हणता?"

 हौसाबाईंनी नवऱ्याकडे एकदा बघितलं. किसनरावांनी डोळे मिटून घेतले.

"माझं दुसरं वीस दिसाचं गेलं," त्या म्हणाल्या. "पोरगा व्हता. सकाळी दूध घेतलं आन् दुपारी थंड पडला. सासरा म्हनला, दिस मावळायच्या आत न्यायचं. आमच्यात लहान लेकरू जाळत न्हाईत, पुरत्यात. मला दुसरं काय सुचंना. एकच मनात बसलं, ह्येच्या तोंडावर माती पडंल. नाकात जाईल. मेल्यालं हाय ह्ये कळत व्हतं, पन तरी बी."

 पुढचं सांगताना त्यांचा आवाज बदलला नाही.

"घरात मडक्यावर झाकायचे परळ व्हते की ढीगभर. कुंभाराचं घर. पन समदे मोठे, न्हाई तर अगदीच ल्हान. तोंडापुरता एक बी बसंना. मंग म्या वली माती घेतली. चाकाला न्हाई हात लावला. हातानंच थापला. त्याच्या तोंडावर धरून माप घेतलं. सासू वरडत व्हती, सुतकात मातीला हात लावती म्हून. चुलीत घातला. वलाच व्हता, वाकडा झाला, एके जागी तडकला. पन बसला. बराबर बसला. ह्यांनीच तोंडावर ठिवला आन् वरनं माती लोटली."

बाजेवर किसनरावांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

"चांगलं मडकं करायला आठ दिस लागत्यात, मास्तर. त्ये तसलं वाकडं, कच्चं, माप घेऊन क्येल्यालं मडकं मानूस जल्मात एकदाच करतो. म्या त्ये हातात घेतलं तवाच वळखलं. आता ह्ये सायबाच्या बुकात कसं लिवायचं त्ये तुमी बगा."

मी मान खाली घालून बसलो होतो. उठावंसं वाटत होतं आणि उठवत नव्हतं.

"तुमाला लेकरं किती?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो. आणि मग, का ते ठाऊक नाही, म्हणालो, "होती. एक मुलगी. सप्टेंबरात झाली. नऊ तास होती."

हे मी त्याआधी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. सांगायची वेळच मी येऊ दिली नव्हती. पुण्यात कुणाला ठाऊक नव्हतं, सरांनाही नाही. आता मात्र मी बोलत गेलो. दिवस पुरे व्हायच्या आधीच झाली. नलिनी शुद्धीवर नव्हती. पहाटे काकांनी मला दवाखान्याच्या व्हरांड्यात येऊन सांगितलं की गेली. म्हणाले, तू येतोस का बरोबर? मी म्हणालो, तुम्हीच जा. मी बाकावर बसून राहिलो. दोन तासांनी ते हातपाय धुऊन परत आले. मी काही विचारलं नाही. नलिनीनं शुद्धीवर आल्यावर विचारलं, कुठं ठेवलं तिला? मी म्हणालो, सगळं व्यवस्थित केलंय, तू आता तो विचार करू नकोस. महिन्याभरानं मी पुण्याला निघून आलो, आणि मोहीम निघाली तेव्हा सरांना म्हणालो, मला घ्या.

"ती अजून विचारते," मी म्हणालो. "प्रत्येक पत्रात. कुठं ठेवलं तेवढं सांगा."

"मंग सांगा की."

"मलाच माहीत नाही, हौसाबाई. मी गेलोच नव्हतो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत दया नव्हती. रागही नव्हता. खापर कुठल्या मडक्याचं आहे हे बघताना त्या जशा बघायच्या, तशाच बघत होत्या.

"तुमी तीन हजार वर्सांपूर्वीचं दुसऱ्याचं लेकरू मापून काढताय," त्या म्हणाल्या. "किती हात खोल, कुनीकडं डोस्कं, समदं. आन् सोताच्या लेकराची जागा ठावं न्हाई. जावा घरी, मास्तर. चुलत्याला इचारा."

दुसऱ्या दिवशी मी दिवसभर त्या दुसऱ्या मडक्यासमोर बसलो. मधली रेघ मारली नाही. मडकं जसं होतं तसं काढलं. बसलेलं अंग, काठावरची चर, तो छोटा उंचवटा, कडेवर उमटलेली चार बोटं. त्याच्या शेजारी पहिलं मडकं काढलं, आणि खाली दोन्ही तोंडाला तोंड लावलेली. संध्याकाळी कागद सरांच्या पुढं ठेवला.

"हे काय? याचा छेद कुठं आहे?"

"नाही काढला. याची दोन अंगं सारखी नाहीत, सर. सरळ केलं तर ते हे मडकं राहणार नाही."

"एकशे चाळीस आकृत्या एका पद्धतीच्या आणि ही एक वेगळी? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. ही मी बदलणार नाही. हवं तर दुसऱ्या कुणाकडून काढून घ्या."

सरांशी मी असा कधी बोललो नव्हतो. ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी चष्मा काढला. मग मी त्यांना हौसाबाईंचा परळ सांगितला. माझं काही सांगितलं नाही. ते खूप वेळ काठावरच्या चरीवरून अंगठा फिरवत होते.

"छेदाची आकृती मागं परिशिष्टात द्या," शेवटी ते म्हणाले. "ही मुख्य पानावर जाईल."

मग मी आठ दिवसांची रजा मागितली. सरांनी कारण विचारलं. मी म्हणालो, घरी जायचंय. त्यांनी पुढं विचारलं नाही.

तो ग्रंथ छापून व्हायला सहा वर्षं लागली. सरांनी त्या मडक्याखाली तळटीप दिली आहे. 'जोडीतील दुसरा कुंभ पहिल्याच्या मुखावर ओला असताना बेतलेला दिसतो. तो खास दफनासाठीच केला असावा, हे निरीक्षण श्रीमती हौसाबाई किसन कुंभार, हिंगणवाडी, यांचे.' मी एक प्रत घेऊन मुद्दाम हिंगणवाडीला गेलो. किसनराव तोवर गेले होते. हौसाबाईंनी मला त्यांचं बोट धरून नावावर ठेवायला सांगितलं. ठेवलं. "आन् जिनं केलं तिचं?" त्यांनी विचारलं. तिचं नव्हतं. मग त्यांनी चित्र बघितलं. बघून झाल्यावर एवढंच म्हणाल्या, "कललेलंच काढलंत."

पण ते पुढचं. त्या फेब्रुवारीत मी कराडला पोचलो तेव्हा दुपार होती. काका ओसरीवर पंचांग बघत बसले होते. मी पिशवी खाली ठेवली आणि उभ्याउभ्याच विचारलं.

"काका, तिला कुठं ठेवलं?"

काकांनी पंचांग मिटलं. माझे काका पोस्टात नोकरी करून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. म्हणाले, "मला वाटलं होतं, तू लवकर विचारशील."

आत जाऊन मी नलिनीला म्हणालो, "चल." कुठं, ते तिनं विचारलं नाही. चप्पल घातली आणि निघाली. चार महिन्यांत ती खूप वाळली होती. आम्ही तिघं नदीकडे गेलो. काका पुढं, मग मी, मग ती. घाट सोडून बरंच वर गेल्यावर दरडीपाशी करंजाची झाडं होती. तीन. काका तिथं थांबले आणि त्यांच्या चेहऱ्यावर गोंधळ दिसला.

"नंतर पावसाळ्याच्या शेवटाला पाणी इथवर आलं होतं," ते म्हणाले. "त्याआधी इथं दगडांची खूण केली होती मी. आता दिसत नाही. या दोन झाडांच्या मधे. का त्या पलीकडच्या... अंधुक उजेड होता रे तेव्हा."

ते माझ्याकडे बघायला लागले. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं. एक जागा दाखवून टाक. तिला काय कळणार आहे. माझ्याही ते मनात आलं. एक पाऊल पुढं टाकून 'इथं' म्हणायचं होतं फक्त.

"नलू," मी म्हणालो, "मी त्या दिवशी आलो नव्हतो. तुला सांगितलं ते खोटं होतं. काका एकटेच आले होते. या तीन झाडांच्या मधे कुठंतरी आहे ती. नेमकी जागा आता कुणालाच सांगता येणार नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ती ओरडेल. ती काकांकडे वळली.

"भाऊकाका, किती खोल?"

"कमरेइतकं. मी आणि घाटावरचा एक कोळी. कुत्री येऊ नयेत म्हणून वर दगड घातले होते."

"डोकं कुठं होतं?"

"उत्तरेला."

"कशात गुंडाळलं होतं?"

काका अडखळले. "माझ्याजवळ काही नव्हतं गं. धोतर जुनं, मळकं. दवाखान्यात तुझ्या उशाशी तुझं पातळ घडी करून ठेवलेलं होतं. हिरव्या काठाचं. तुला न विचारता घेतलं मी. दोन घड्या केल्या तरी खूप मोठं झालं. सगळंच गुंडाळलं."

नलिनी खाली बसली. मातीवर तळहात ठेवला.

"ते नेसूनच गेले होते मी," ती म्हणाली. "रात्रभर त्यातच होते. धुतलेलं नव्हतं ते."

"नव्हतं," काका म्हणाले.

"मग ठीक आहे," ती म्हणाली. "तिला माझा वास होता."

काका नदीकडे तोंड करून उभे राहिले. मी तिच्याशेजारी बसलो. आधी तिनं माझ्याकडे बघितलं नाही. मग माझा हात ओढून घेतला आणि तिच्या हाताशेजारी, मातीवर, तसाच पालथा ठेवला.